हिशेबाचा प्रोग्राम नोंद का विसरतो?
एसक्यूएल अल्केमीची जोडणी आणि तिच्यातील नेहमीच्या चुका



बऱ्याच पेढ्यांवर वहीखात्याची जागा आता कॉम्प्युटरने घेतली आहे. कोणी बाजारातले तयार पॅकेज घेतो, तर कोणी घरातल्या किंवा ओळखीतल्या शिकलेल्या मुलाकडून आपल्या धंद्याच्या दस्तुराप्रमाणे प्रोग्राम लिहून घेतो. असा प्रोग्राम पायथन भाषेत लिहिलेला असेल तर त्याच्या पोटात पुष्कळदा 'एसक्यूएल अल्केमी' नावाचा अवजारांचा संच असतो. प्रोग्राम अडला की मुलगा म्हणतो, "डेटाबेसचा एरर आहे," आणि मालक गप्प बसतो. हा लेख त्या गप्प बसणाऱ्या मालकासाठी आहे, आणि ज्याची मजुरी त्या प्रोग्रामात लिहिली जाते त्या कारागिरासाठीही आहे.

आमच्या पेढीवर घडलेला प्रकार आधी सांगतो. कारागिराला सूत द्यायचे, तो साड्या विणून आणतो, नगावर मजुरी जमा होते आणि आठवड्याला हिशेब होतो, असा आमचा दस्तूर. घरच्या मुलाने लिहिलेला प्रोग्राम तीन वर्षे बिनतक्रार चालला. पुढे जुना कॉम्प्युटर बिघडला, नवा घेतला आणि त्यावर सारे नव्याने बसवले. सुरुवातीला मजुरीचे पान अडले. मुलाने दोन तासांत ते ठीक केले आणि काम सुरू झाले. पाच दिवसांनी हिशेबाला एक बुजुर्ग कारागीर आले. त्यांच्या चिठ्ठीवर ४० नग जमा होते, आमच्या खात्यात एकही नव्हता. नोंद करणारा नोकर सांगत होता की त्याने नोंद केली, पडद्यावर 'नोंद झाली' असे आले आणि यादीत ती दिसलीही. म्हाताऱ्यांनी एवढेच म्हटले, "सेठ, चिठ्ठी तुमच्याच माणसाच्या हातची आहे." चिठ्ठी होती म्हणून त्यांचे पैसे मिळाले. ती नसती तर त्यांची आठवड्याची कमाई आमच्या कॉम्प्युटरच्या शब्दावर बुडाली असती.

तपासल्यावर कळले की नोकर खोटे बोलत नव्हता आणि कॉम्प्युटरही बिघडलेला नव्हता. नोंद कच्ची लिहिली गेली होती, पक्की झालीच नव्हती. असे का झाले ते समजण्यासाठी हे अवजार काय आहे ते आधी पाहू.

हे अवजार काय आहे?

माल, उधारी, मजुरी यांची खरी नोंद 'डेटाबेस'मध्ये राहते. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट ही त्यातली प्रसिद्ध नावे. त्यांच्याशी बोलण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. प्रत्येकाची बोली थोडी वेगळी असते. एसक्यूएल अल्केमी हा पायथन प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामधला मुनीम आहे. प्रोग्रामने सांगितलेले काम तो त्या त्या डेटाबेसच्या बोलीत मांडतो आणि उत्तर आणून देतो. 'अल्केमी' हा शब्द मुळात अरबीतला 'अल-कीमिया'. पण हा मुनीम कीमिया मुळीच करत नाही. सांगितले तेवढेच करतो, न सांगितलेले करत नाही. बहुतेक घोटाळे येथेच होतात.

हा संच माइक बायर या प्रोग्रामरने तयार केला. त्याची पहिली आवृत्ती २००६ साली आली, १.४ ही आवृत्ती मार्च २०२१ मध्ये आणि २.० ही जानेवारी २०२३ मध्ये. तो मोफत मिळतो. त्याचे दोन भाग आहेत. 'कोअर' या भागात एसक्यूएलची वाक्ये जवळपास सरळ लिहिली जातात. 'ओआरएम' या भागात गिऱ्हाईक, पावती, तागा अशा वस्तू प्रोग्रामात बनवायच्या आणि त्यांची नोंद संचाने ठेवायची अशी रीत असते.

साखळीत एकूण चार कड्या आहेत. पहिली आपला प्रोग्राम, दुसरी एसक्यूएल अल्केमी, तिसरी 'ड्रायव्हर', म्हणजे त्या त्या डेटाबेसपर्यंत निरोप नेणारा हलकारा, आणि चौथी खुद्द डेटाबेस. बिघाड झाला की पहिला प्रश्न हाच विचारावा की कोणती कडी तुटली? पुढे सेटिंगची जी नावे येतील ती प्रोग्रामात रोमन अक्षरांत लिहायची असतात. येथे त्यांचा फक्त उच्चार दिला आहे.

पत्ता चुकला तर

प्रोग्रामाच्या सुरुवातीला 'क्रिएट इंजिन' अशी एक ओळ असते. तिच्यात डेटाबेसचा पूर्ण पत्ता असतो. डेटाबेसची जात, ड्रायव्हरचे नाव, वापरणाऱ्याचे नाव, पासवर्ड, कॉम्प्युटरचे नाव, दरवाजाचा क्रमांक आणि शेवटी डेटाबेसचे नाव, असा त्याचा क्रम. मायएसक्यूएलचा दरवाजा सहसा ३३०६ आणि पोस्टग्रेसचा ५४३२ असतो. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की इंजिन तयार होताना डेटाबेसशी जोडणी होत नाही. पहिले काम निघते तेव्हाच ती होते. म्हणून पासवर्ड चुकीचा असला तरी प्रोग्राम सुरळीत सुरू होतो आणि पहिल्या पावतीला अडतो.

पत्त्यातल्या चार चुका वारंवार होतात.

पहिली ड्रायव्हरची. पत्त्यात नुसते 'मायएसक्यूएल' लिहिले तर संच 'मायएसक्यूएलडीबी' नावाचा ड्रायव्हर शोधतो आणि तो नसेल तर 'असे मॉड्यूल नाही' म्हणून थांबतो. कॉम्प्युटरवर 'पायमायएसक्यूएल' हा ड्रायव्हर बसवलेला असेल तर पत्त्यात 'मायएसक्यूएल अधिक पायमायएसक्यूएल' असे स्पष्ट लिहावे लागते.

दुसरी पासवर्डची. पासवर्डमध्ये ॲट किंवा तिरकी रेघ असेल तर पत्ता कोठे तुटतो याचा गोंधळ होतो, कारण पत्त्यातही तीच चिन्हे वापरतात. ॲटच्या जागी टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे ४० लिहावे. त्याहून चांगले म्हणजे 'यूआरएल क्रिएट' ही सोय वापरून नाव, पासवर्ड, कॉम्प्युटर असे तुकडे वेगवेगळे द्यावेत, म्हणजे हा त्रास राहत नाही. पासवर्ड प्रोग्रामाच्या कागदात लिहून ठेवू नये. तो कॉम्प्युटरच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवून तेथून वाचावा. गल्ल्याची किल्ली आपण दुकानाच्या पाटीवर टांगत नाही.

तिसरी जुन्या नावाची. पोस्टग्रेसच्या पत्त्याची सुरुवात पूर्वी 'पोस्टग्रेस' अशी लिहिली तरी चालत असे. १.४ आवृत्तीपासून 'पोस्टग्रेसक्यूएल' असे पूर्णच लिहावे लागते, नाहीतर 'प्लगइन सापडत नाही' असे उत्तर येते.

चौथी एसक्यूलाइटची, आणि तीच सर्वांत फसवी. एसक्यूलाइटचा डेटाबेस म्हणजे एकच फाइल. पत्त्यात तीन तिरक्या रेघा देऊन नुसते फाइलचे नाव लिहिले, तर प्रोग्राम ज्या फोल्डरातून सुरू झाला तेथे ती फाइल शोधली जाते. तेथे ती नसेल तर तक्रार न करता नवी कोरी फाइल तयार होते. मग मालकाला वाटते की सगळा हिशेब उडाला. प्रत्यक्षात जुनी फाइल दुसऱ्या फोल्डरात सुखरूप असते. अशा वेळी घाबरून काही पुसू नये, आधी कॉम्प्युटरवर फाइल शोधावी. लिनक्सवर चार रेघा देऊन मुळापासून पूर्ण मार्ग लिहावा, विंडोजवर तीन रेघा आणि त्यापुढे ड्राइव्हच्या अक्षरासह पूर्ण मार्ग. फाइलचे नाव न देता नुसत्या दोन रेघांवर पत्ता संपवला तर डेटाबेस केवळ मेमरीत बनतो आणि प्रोग्राम बंद होताच नाहीसा होतो.

सकाळची पहिली पावती अडते

रात्री सारे ठीक असते. सकाळी दुकान उघडून पहिली पावती करावी तर 'मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे' असा मजकूर येतो. पुन्हा प्रयत्न केला की काम होते. पुष्कळ लोक याला कॉम्प्युटरची खोड समजतात. कारण अगदी साधे आहे. दर वेळी नवी जोडणी करणे वेळखाऊ असते, म्हणून एसक्यूएल अल्केमी काही जोडण्या उघड्या ठेवते. याला 'पूल' म्हणतात. तिकडे मायएसक्यूएलचा मूळ नियम असा की २८,८०० सेकंद, म्हणजे ८ तास कोणी बोलले नाही तर जोडणी तोडायची. दुकान रात्री ९ ला बंद झाले आणि सकाळी १० ला उघडले, तर जोडणी मध्येच केव्हातरी तुटलेली असते. आपल्या मुनिमाला त्याची खबर नसते. भाड्याच्या सर्व्हरवर ही मुदत ८ तासांहून पुष्कळ कमीही असू शकते.

यावर दोन सेटिंग आहेत. 'पूल प्री पिंग' चालू केले की काम देण्यापूर्वी जोडणी जिवंत आहे की नाही याची हाक मारून खात्री होते, आणि ती तुटलेली असेल तर नवी घेतली जाते. 'पूल रिसायकल'मध्ये ३,६०० लिहिले की तासाहून जुनी जोडणी वापरली जात नाही. मूळ संचात ही दोन्ही सेटिंग बंद असतात, ती आपणच सांगावी लागतात. मात्र नोंद अर्धी झालेली असताना वीज किंवा तार तुटली तर प्री पिंगचा उपयोग नाही. ती नोंद पहिल्यापासूनच करावी लागते.

सोळावा माणूस खोळंबतो

दुसरा प्रकार गर्दीच्या वेळचा. सणासुदीला चार काउंटरवर पावत्या फाटतात आणि प्रोग्राम अर्धा मिनिट थिजून 'क्यू पूल लिमिट' असा मजकूर देतो. त्यात ५, १० आणि ३० असे आकडे असतात. अर्थ असा की पेढीवर ५ कायमचे हमाल आहेत आणि गर्दीला १० रोजंदारीचे घेता येतात. पंधराही जण कामात असतील तर सोळाव्या गिऱ्हाइकाने ३० सेकंद वाट पाहायची आणि तरी कोणी मोकळा झाला नाही तर परत जायचे.

येथे बहुतेक जण हमालांची संख्या वाढवतात, 'पूल साइज' ५ चा ५० करतात. चार काउंटरच्या दुकानात पंधरा जोडण्या एकाच वेळी लागण्याचे कारण नाही. खरा दोष सहसा असा असतो की प्रोग्राम हमाल घेतो पण काम झाल्यावर त्याला सोडत नाही. हमाल दारात ओझे घेऊन तसाच उभा. संख्या वाढवली तर तोच प्रकार दोन दिवस उशिरा होईल एवढेच. पायथनमध्ये 'विथ' नावाचा शब्द आहे. जोडणी किंवा सेशन त्याच्या आत उघडले की काम संपताच, चूक झाली तरीसुद्धा, ते आपोआप परत केले जाते. प्रोग्राम लिहिणाऱ्याला विचारावे, "प्रत्येक सेशन 'विथ'च्या आत आहे का?" उत्तर 'नाही' असेल तर आधी ते करून घ्यावे.

एकच सेशन सगळ्या काउंटरना मिळून वापरणे हीसुद्धा चूक आहे. एका कच्च्या वहीत एकाच वेळी चौघांनी लिहिले तर काय होईल, तेच येथे होते. पावती तेवढे सेशन, हा नियम बरा.

एसक्यूलाइट वापरणाऱ्यांना गर्दीत 'डेटाबेस इज लॉक्ड' असे दिसते. या डेटाबेसात एका वेळी एकालाच लिहिता येते. पायथन ५ सेकंद थांबून पाहते आणि मग नाद सोडते. ही मुदत वाढवता येते. पण काउंटर अनेक असतील तर मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस घ्यावे. एसक्यूलाइटची फाइल नेटवर्कवर ठेवून चार कॉम्प्युटरवरून उघडणे टाळावे, त्यात फाइलच खराब होण्याचा धोका आहे.

कच्ची वही आणि पक्की वही

आता ४० नगांकडे परत येऊ. व्यापारात कच्ची वही आणि पक्की वही वेगळी असते. दिवसभराचे कच्चे टिपण संध्याकाळी ताडून पक्क्या वहीत चढवायचे, तोवर त्याला किंमत नाही. डेटाबेसातही हाच कायदा आहे. काम सुरू होते तेव्हा एक कच्चे पान उघडते. त्यावर लिहिलेले फक्त लिहिणाऱ्याला दिसते. 'कमिट' म्हटले की ते पक्क्या वहीत चढते. 'रोलबॅक' म्हटले, किंवा काहीच न म्हणता जोडणी सोडून दिली, की पान फाटते.

२.० पूर्वीच्या आवृत्त्यांत कोअर पद्धतीने लिहिताना एक सवलत होती. नोंद घालण्याचे वाक्य पाठवले की संच ते ओळखून स्वतःच कमिट करत असे. २.० मध्ये ही सवलत काढून टाकली. त्याच वेळी दोन गोष्टी आणखी बदलल्या. इंजिनकडून सरळ काम करून घेण्याची सोय गेली, आणि एसक्यूएलचे नुसते वाक्य न चालता ते 'टेक्स्ट' या वेष्टणात द्यावे लागू लागले.

आमच्या नव्या कॉम्प्युटरवर जुन्या आवृत्तीऐवजी २.० बसली. मजुरीचे पान जुन्या कोअर पद्धतीचे होते, म्हणून ते अडले. मुलाने अडलेल्या ओळी बदलल्या, जोडणी उघडली, वाक्याला 'टेक्स्ट'चे वेष्टण घातले आणि तक्रारी थांबल्या. पण पूर्वी जे कमिट आपोआप होत असे ते आता सांगावे लागते, हे त्याच्या ध्यानात आले नाही. कोणत्याही ओळीत चूक नव्हती, म्हणून संचाने तक्रार केली नाही. नोंदीनंतरची यादी त्याच जोडणीवर, त्याच कच्च्या पानावर वाचली जात होती, म्हणून नोंद दिसली. जोडणी सुटली आणि पान फाटले. मालाची आणि उधारीची पाने ओआरएम पद्धतीची होती, त्यांत कमिट आधीपासून लिहिलेले होते, म्हणून ती शाबूत राहिली. गेली ती फक्त कारागिरांची मजुरी.

दुरुस्ती एका शब्दाची आहे. इंजिनवर 'कनेक्ट'ऐवजी 'बिगिन'चा वापर 'विथ'सह केला की आतले सारे काम नीट झाले तर कमिट आपोआप होते आणि मध्ये चूक झाली तर सारेच रद्द होते. सेशनलाही हीच सोय आहे. याचा दुसरा फायदा असा की तागा स्टॉकमधून वजा करणे आणि गिऱ्हाइकाच्या नावावर उधारी लिहिणे ही दोन्ही कामे एकाच 'बिगिन'मध्ये ठेवता येतात. दोन्ही होतील किंवा एकही होणार नाही. माल गेला पण उधारी चढली नाही, असे अर्धवट राहत नाही.

जुन्या प्रोग्रामवाल्यांनी थेट २.० वर उडी मारू नये. १.४ ही मधली पायरी मुद्दाम ठेवलेली आहे. तिच्यात 'एसक्यूएल अल्केमी वॉर्न २०' हे एन्व्हायर्नमेंटमधले सेटिंग १ केले की २.० मध्ये जे चालणार नाही त्याचा इशारा प्रोग्राम चालतानाच मिळतो. सारे इशारे निस्तरून मग पुढे जावे. तसेच कोणती आवृत्ती वापरतो आहोत ती 'रिक्वायरमेंट्स' फाइलमध्ये आकड्यासह लिहून ठेवावी. आमची ती फाइल आकड्याशिवाय होती, म्हणून नव्या कॉम्प्युटरवर न मागता नवी आवृत्ती आली.

याच जातीचा आणखी एक मजकूर 'पेंडिंग रोलबॅक' म्हणून येतो. एखाद्या नोंदीत चूक झाली, जसे एकच पावती क्रमांक दोनदा पडला, की डेटाबेस ती नाकारतो. तो नकार योग्यच आहे. पण प्रोग्रामने चूक गिळून तेच सेशन पुढे वापरले तर त्यानंतरची प्रत्येक नोंद या मजकुराने परत येते. अशा वेळी शेवटची तक्रार पाहू नये, पहिली शोधावी. दोष तेथे असतो. चुकीनंतर रोलबॅक करून नवे सेशन घेणे हा उपाय.

पैसा आणि नावे

रकमेसाठी रकाना कोणत्या जातीचा आहे हे जरूर विचारावे. 'फ्लोट' असेल तर बदलून घ्यावा. फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी येते. एका पावतीत हे दिसत नाही, वर्षाच्या ताळ्यात पैशांचा फरक पडतो आणि मुनीम रात्रभर शोधत बसतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेससाठी 'न्यूमरिक' हा प्रकार घ्यावा आणि दशांशानंतर दोन घरे सांगावी. मीटरच्या मापासाठीही तेच. एसक्यूलाइटला दशांशाची ही पक्की जात ठाऊक नाही, एसक्यूएल अल्केमी तसा इशाराही देते. तेथे रुपयांऐवजी पैसे पूर्णांकात ठेवावेत. १२५ रुपये ५० पैसे म्हणजे १२,५५०. छापताना १०० ने भागावे.

नावांचा घोळ वेगळा. आपल्याकडे गिऱ्हाइकांची नावे कोणी मराठीत लिहितो, कोणी उर्दूत. यादीत नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर समजावे की डेटाबेसला ही लिपी ठेवण्याची सोय सांगितलेली नाही. मायएसक्यूएलची ५.७ आवृत्ती मुळात 'लॅटिन १' या अक्षरसंचावर चाले. ८.० पासून 'यूटीएफ ८ एमबी ४' हा मूळ संच झाला, त्यात मराठी, उर्दू सारे मावते. जुना डेटाबेस असेल तर तक्ते या संचावर न्यावेत आणि पत्त्याच्या शेवटी तोच अक्षरसंच लिहावा. जी नावे प्रश्नचिन्हे होऊन साठली ती परत येत नाहीत, ती पुन्हा लिहावी लागतात. म्हणून पहिल्याच दिवशी एक मराठी आणि एक उर्दू नाव घालून पाहावे.

नवा रकाना जोडताना

धंदा वाढतो तशी नवी माहिती लागते. कारागिराच्या खात्यात 'उचल' हा रकाना हवा झाला. मुलाने प्रोग्रामात तो लिहिला, पण चालवताच 'असा रकाना नाही' असे उत्तर आले. कारण 'क्रिएट ऑल' ही आज्ञा नसलेला तक्ता तयार करते, असलेल्या तक्त्याला हात लावत नाही. येथे काही जण जुना तक्ता पुसून नवा बनवतात, आणि त्यासोबत सारा हिशेब जातो. तसे कदापि करू देऊ नये. या कामासाठी त्याच लेखकाचे 'अलेंबिक' हे जोड अवजार आहे. हा शब्दही अरबीतला, अर्क काढण्याचे भांडे, 'अल-अंबीक'. हे अवजार तक्त्यातील प्रत्येक बदल क्रमाने लिहून ठेवते आणि जुन्या नोंदी राखून बदल करते.

त्याच्यातही एक खबरदारी आहे. बदलाची यादी अलेंबिक स्वतः तयार करू शकते, पण रकान्याचे नाव बदलले आहे हे तिला कळत नाही. 'मजुरी'चे नाव 'मेहनताना' केले तर ती समजते की जुना रकाना काढायचा आणि नवा कोरा घालायचा. ती यादी न वाचता चालवली तर सर्वांची मजुरी पुसली जाते. म्हणून यादी आधी डोळ्यांखालून घालावी आणि त्यापूर्वी डेटाबेसची नक्कल काढून ठेवावी.

बिघाड शोधण्याची रीत

दुरुस्ती करणाऱ्याला घाई करू देऊ नये. पुढील क्रमाने गेल्यास वेळ वाचतो.

१. डेटाबेसची नक्कल काढावी. नकलेवर तपास करावा, असलीवर नाही.

२. चूक दाखवणारा पूर्ण मजकूर जपून ठेवावा. तो लांबलचक असला तरी खरे कारण बहुधा शेवटच्या ओळींत असते. अनेक तक्रारींच्या शेवटी संच स्वतःच्या खुलाशाच्या पानाचा पत्ता देतो, तो वाचावा.

३. पायथनची, एसक्यूएल अल्केमीची आणि ड्रायव्हरची आवृत्ती पाहावी. काल चालणारे आज अडले तर काल आणि आज यांत काय बदलले हे विचारावे.

४. डेटाबेसच्या स्वतःच्या साधनाने त्याच नावाने व पासवर्डने आत जाऊन पाहावे. तेथेच अडले तर दोष एसक्यूएल अल्केमीचा नाही.

५. इंजिनला 'एको' हे सेटिंग चालू करावे. मग मुनीम डेटाबेसला काय काय सांगतो ते सारे पडद्यावर उमटते. शेवटी 'कमिट' दिसते की 'रोलबॅक' हे पाहावे. आमचे ४० नग याच ओळीने सापडले. तपास झाल्यावर हे सेटिंग बंद करावे, कारण त्यात गिऱ्हाइकांची नावे आणि रकमा उघड छापल्या जातात.

६. दुरुस्तीनंतर नोंद करावी, प्रोग्राम पूर्ण बंद करावा, पुन्हा उघडावा आणि नोंद आहे का ते पाहावे. बंद न करता पाहिलेली नोंद ही कच्च्या पानावरची असू शकते.

शेवटचा मुद्दा सर्वांत सोपा आहे, त्याला प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. नवा कॉम्प्युटर, नवी आवृत्ती किंवा छोटीशी दुरुस्ती, काहीही झाले तरी प्रत्येक पानावर एक नोंद घालून, प्रोग्राम बंद करून, पुन्हा उघडून पाहावी. यास दहा मिनिटे लागतात. आम्ही ती दहा मिनिटे दिली नाहीत.

त्या आठवड्यात आणखी सहा कारागिरांची मजुरी अशीच गेली होती. चौघांकडे चिठ्ठ्या होत्या. दोघांकडे नव्हत्या. त्यांना विचारले आणि त्यांनी सांगितलेला आकडा धरून पैसे दिले, कारण चूक आमच्या बाजूची होती. तेव्हापासून प्रोग्राम चालू असला तरी आम्ही छापील चिठ्ठी देणे बंद केलेले नाही. कारागीर बंधूंनीही ती मागून घ्यावी आणि हिशेब होईपर्यंत जपून ठेवावी.